माहेरचा बाण

२४ जून

छोटे,

मी खुशाल आहे, तूही असशील असं धरून थेट मुद्द्यावर येते. माझ्या कपाटातून चोरी झाली आहे. पैसाअडका नव्हे, माझा नकाशा.

यंदा आमच्या शाळेत एक नवीन बाई आल्यात. विषय माझाच, वनस्पतिशास्त्र. अकरावीची दुसरी तुकडी त्यांच्याकडे दिली आहे. वय पंचविशीच्या आसपास, वेणी घट्ट, बोलणं जेवढ्यास तेवढं, आणि चालताना पायाचा आवाज नाही. वळून बघावं तर मागे उभ्या! मी त्यांचं नाव मांजरी ठेवलंय. सध्या त्या कच्च्या नोकरीवर आहेत. कायम करायचं की नारळ द्यायचा हे ऑगस्टमध्ये ठरेल, आणि मोठ्या बाई त्याआधी माझं लेखी मत मागतील.

काल त्यांच्या वर्गावरून जात होते. तास संपला होता, मुलं फळा पुसत होती. उरलेल्या कोपऱ्यात दोन चौकटी दिसल्या. एकीत 'नेचे', दुसरीत 'पाणी', आणि मधल्या बाणावर हिरव्या खडूने लिहिलेलं: 'माहेरची ओढ सुटत नाही'.

तू शिकवणं सोडून बरीच वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. आपली पद्धत अशी: वनस्पती पाण्यातून जमिनीवर कशा आल्या याची गोष्ट सांगायची नाही, तिचा नकाशा काढायचा. एकेक कल्पना एकेका चौकटीत, चौकटी बाणांनी जोडायच्या आणि प्रत्येक बाणावर हिरव्याने क्रियापद लिहायचंच. नुसता बाण ओढला तर तो ओरखडा. मुलांना चौकटी पाठ होतात, पण बाणावर काय लिहायचं म्हटलं की कळतं कोणाला समजलंय आणि कोण घोकून आलंय. नेचे राहतात जमिनीवर, पण फलनाला त्यांना पाण्याचा थेंब लागतोच, म्हणून तो माहेरचा बाण. पुढे बी आलं, तिथे 'माहेर सुटलं'. हे शब्द कुठल्या पुस्तकात नाहीत. माझ्या नकाशात आहेत, आणि माझा नकाशा प्रयोगशाळेच्या कपाटात गुंडाळून ठेवलेला आहे. यंदा तो मी अजून बाहेरसुद्धा काढलेला नाही.

मी त्यांना सरळ विचारलं, "हे कुठून आणलंत?" तर खाली बघून म्हणतात, "शिकताना कानावर पडलं होतं, बाई." खाली का बघायचं? माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. तुला काय वाटतं ते कळव. गोड बोलू नकोस, खरं कळव.

तुझी
ताई


१ जुलै

ताई,

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग हसले. मला वाटलं खरंच घर फोडलं कोणी!

अगं, माहेर हा शब्द काय तुझ्या नावावर केलेला आहे का? पाणी सोडून आलेली वनस्पती पुन्हा पाण्याकडे वळते म्हटल्यावर कुठल्याही बाईच्या तोंडी हाच शब्द येईल. एकीला सुचतं ते दुसरीला सुचू शकतं. आणि सुचलं नसेल, ऐकलं असेल, तरी काय बिघडलं? नकाशा म्हणजे काय दागिना आहे कपाटात ठेवायला? उलट आनंद मान की कोणी तरी अजून बाणावर क्रियापद लिहितंय.

खाली बघून बोलली म्हणतेस. तुझ्यासमोर सगळेच खाली बघून बोलतात गं. मुलं तुला मागून हवालदारीण म्हणतात हे तूच मला सांगितलं होतंस.

माझं बरं चाललंय. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते, दुपारी पडते. वरची खोली रिकामी झाल्यापासून घर मोठं वाटतं. एवढंच. पोरीला जरा सांभाळून घे.

तुझी
छोटी


८ जुलै

छोटे,

'पोरीला'? मी बाई लिहिलं होतं. असो.

एकीला सुचतं ते दुसरीला सुचतं, हे माहेरपुरतं मान्य करते. पण हिरवा खडू? क्रियापदं हिरव्यानेच? आणि आता ऐक. मी कपाटाच्या दोन्ही कड्यांना शिवणाचा काळा दोरा बांधून ठेवला, कोणाला दिसणार नाही असा. मंगळवारी दोरा तुटलेला! आत नकाशा होता, पण गुंडाळी उलट्या बाजूला फिरवलेली. कपाटाची किल्ली खिळ्यावर लटकत असते. प्रयोगशाळेत त्या दिवशी कोण कोण गेलं ते शिपाई मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळेच येतात की." याला काय उत्तर म्हणायचं?

मांजरी माझ्यावर पाळतही ठेवते आहे. मी शिक्षकखोलीत शिरले की उठून खिडकीजवळची खुर्ची मला देते. जिन्यात मी असले की दोन पायऱ्या मागे राहते, पुढे जा म्हटलं तरी जात नाही. परवा विचारलं, "बाई, गोळी घेतलीत का?" कसली गोळी, हिला काय करायचंय? एवढी सेवा कोणी फुकट करत नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय, माझी जागा रिकामी होतेय, आणि जागेबरोबर नकाशाही आपला करायचा बेत असावा. कुठे तरी पाणी मुरतंय, एवढं नक्की.

माझे तास मी यंदा तळमजल्यावर मागून घेतलेत. तिथे उजेड चांगला आहे. प्रकृतीचं काही नाही.

मोठ्या बाईंनी मत मागितलंय. मी लिहायला घेणार आहे.

ताई


१६ जुलै

ताई,

एवढ्यात लिहू नकोस. हात जोडून सांगते.

दोरा कशानेही तुटतो. शिपाई मावशी फडकं घ्यायला कपाट उघडत नसतील का? खुर्ची देणं हा गुन्हा कधीपासून झाला? तू एक संशय धरतेस आणि मग दिसेल ते त्याला नेऊन चिकटवतेस. लहानपणी माझी पेन्सिल हरवली की मी शोधायचे, आणि तुझी हरवली की तू चोर शोधायचीस.

तुझ्या एका ओळीने एखाद्या माणसाची नोकरी जाईल, ताई. तिला गरज असेल. घरी कोणी नसेल तिचं, आपल्याला काय माहीत? निदान तिचा एक पूर्ण तास मागे बसून बघ आणि मग काय ते लिही. अर्धवट पुसलेल्या फळ्यावरून निकाल देऊ नकोस.

आणि जिने चढणं खरंच कमी कर. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लाव, नुसत्या गोळ्यांवर राहू नकोस.

तुझी
छोटी


२० जुलै

माझ्या गुडघ्याचं तुला कोणी सांगितलं?

मी तुला लिहिलेलं नाही. मुद्दाम नाही लिहिलेलं, कारण तू बॅग भरून इथे आली असतीस. शाळेतही कोणाला माहीत नाही. शाळा उघडली त्याच आठवड्यात मी मधल्या जिन्यावर पडले. मुलं घरी गेली होती. तिथे एकच माणूस होतं, माझ्या मागून आवाज न करता येणारं. तिने मला उठवलं, पायरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मी तिला बजावलं की याची वाच्यता कुठे करायची नाही. तिने मान डोलावली होती.

म्हणजे तिने वाच्यता केली, आणि ती थेट तुझ्यापाशी. पत्रातली 'पोरीला' आता मला समजली. 'घरी कोणी नसेल तिचं' हेसुद्धा. तू तिला ओळखतेस. ओळखत असताना तीन आठवडे मला 'कोणालाही सुचेल' म्हणून खेळवलंस. माझ्यावर नजर ठेवायला माणूस पाठवलंस, आणि त्या माणसाने जाता जाता माझं कपाटही उघडलं.

मत मी काल दिलं. लिहिलं की या बाईंनी दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून वर्गात वापरलं, विचारल्यावर उडवाउडवी केली, आणि अशा व्यक्तीच्या हाती मुलं द्यावीत असं मला वाटत नाही. खाली सही केली. मोठ्या बाईंनी कागद समितीकडे पाठवलासुद्धा.

आता तू काय लिहायचं ते लिही.

ताई


२५ जुलै

ताई,

लिहिते. तू रागावली आहेस, मीही रागावले आहे, म्हणून लांबण लावत नाही.

हो, ती माझी आहे. नात्याने कोणी नाही. माझ्या वरच्या खोलीत ती शिकायला म्हणून राहिली होती. आई लहानपणी गेली, वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि हिला विसरले. महिनाभरात ती वरच्या खोलीतून माझ्या स्वयंपाकघरात आली. मग काय, सकाळी चहा आणि संध्याकाळी नकाशे. माझ्या जेवणाच्या टेबलावर, पाठकोऱ्या कागदांवर. तुझ्या कपाटात काय आहे हे तिने बघितलेलंही नाही. तिला नकाशा मी दिला.

तुला का सांगितलं नाही? कारण मी तुला ओळखते. सख्ख्या पुतण्याचा अर्ज तू केवळ तुझा पुतण्या आहे म्हणून बाजूला ठेवलास आणि वर ते अभिमानाने सांगत फिरलीस. माझी म्हटल्यावर तू तिला दारातूनच परत पाठवलं असतंस. तिने जाहिरात बघून अर्ज केला, मुलाखत दिली, आपल्या जोरावर निवड झाली. माझं नाव घेऊ नकोस, अशी शपथ मीच घातली तिला. ती खाली बघून बोलते ते त्या शपथेमुळे. नजर ठेवायला पाठवलं नव्हतं, पण तू पडलीस तेव्हा तिने मला फोन केला आणि रडली. 'मी कोणाला सांगणार नाही म्हणून मान डोलावलीय, पण तुम्ही त्या 'कोणा'त येत नाही ना?' असं म्हणाली. यात तुला हेर दिसत असेल तर दिसू दे.

आणखी एक. माहेरचा बाण तुझा नाही, ताई. माझा आहे. आपण शिकत असताना आपल्या खोलीच्या दारामागे खडूने जो नकाशा काढला होता, त्यावर तो मी लिहिला. तू 'छान आहे' म्हणालीस आणि घेतलास. मी तेव्हा चोर चोर म्हणून ओरडले नव्हते.

तो कागद मागे घे.

छोटी


३१ जुलै

छोटे,

माहेरचा बाण माझाच आहे.

बाकीचं तू म्हणतेस तसं असेलही. पण ज्या बहिणीने महिनाभर लपवलं तिच्या सांगण्यावर मी सही केलेला कागद मागे घेऊ? नकाशा तू दिलास की तिने कपाटातून घेतला, हे तुझ्या शब्दावरून कसं ठरवायचं? तुमची दोघींची बोलणी रोज होत असणार. एक तास मागे बसून बघ म्हणाली होतीस, तर सोमवारी बसते. समिती बारा तारखेला बसणार आहे.

ताई


१३ ऑगस्ट

छोटे,

हे पत्र लांबेल. चहा करून घे आणि बस.

सोमवारी मी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. मला बघून तिच्या हातातला खडू मोडला, पण सावरली. पूर्ण नकाशा फळ्यावर काढला. पाणी, शेवाळ, मग मॉस. मॉसपासून बाण नेच्यांकडे, हिरव्याने 'पासून झाले'. नेच्यांपासून सूचिपर्णी झाडांकडे, 'पासून झाली'. त्यांच्यापासून फुलझाडांकडे. एकाखाली एक, सरळ.

मधल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, मॉसपासून नेचे झाले, तर आमच्या मोरीच्या भिंतीवर अजून मॉस कसं?" तुझी पोर गडबडली. "काही मॉस तसंच राहिलं," असं काहीबाही म्हणाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चोरलं तेही धड चोरता आलं नाही, असं मनात म्हणत मी बाहेर पडले.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले, गुडघ्यासाठी नव्हे. धड चोरता आलं नाही म्हणजे काय? माझ्या नकाशात मॉसपासून नेच्यांकडे बाणच नाही. माझ्या नकाशात दोघांच्या वर एक रिकामी चौकट आहे. त्या दोघांचा पूर्वज, जो आता कुठे उरलेला नाही आणि ज्याचं नाव कोणाला माहीत नाही. मॉस नेच्यांची आई नाही, दोघी बहिणी आहेत, हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आलेय. प्रत्येक फाट्यावर माझी एक रिकामी चौकट आहे. माझा नकाशा बघून कोणी उतरवून घेतला असता तर आधी त्या चौकटी उतरल्या असत्या. तिच्या फळ्यावर एकही नव्हती.

आणि ती सरळ शिडी! ती शिडी जगात एकच बाई काढते. दारामागे मी ती ओल्या फडक्याने पुसली होती आणि तू दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलीस. 'शिडीवर मुलं पटकन चढतात' म्हणालीस. मी म्हटलं, चढतात आणि भलत्याच माळ्यावर जातात. आठवडाभर आपण बोललो नव्हतो. तू हट्टी, तेव्हाही आणि आताही. तिचा नकाशा तुझ्याकडून आला हे तुझ्या पत्राने मला पटलं नाही, तुझ्या चुकीने पटलं.

मला स्वतःची लाज वाटली, छोटे. दोन सारखे नकाशे बघितले आणि एक दुसऱ्यापासूनच आला असणार असं धरून बसले. अकरावीच्या पोरांचे ज्यासाठी मी गुण कापते तेच मी केलं.

बारा तारखेला समिती वरच्या मजल्यावर बसली. मी जिन्याशी उभी होते. मांजरी आली, तिने हात पुढे केला. मी धरला. अर्ध्यावर तिने विचारलं, "बाई, तुम्हालाही बोलावलंय?" मी म्हटलं, "बोलावलं नाही. मी तुमच्याविरुद्ध एक कागद दिलाय, तो मागे घ्यायला चाललेय." वाटलं, आता ती हात सोडेल. तिने नुसतं विचारलं, "दम खायचा का इथे?" मला जिन्यातच रडू फुटलं असतं, पण मी हवालदारीण आहे.

समितीत तिघं होते आणि मोठ्या बाई. मी सांगितलं की चोरी झालेली नाही. चष्मेवाले अध्यक्ष म्हणाले, "नकाशे सारखे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मग चोरी नाही कशावरून?" आता बघ माझी पंचाईत. तिला चोरीतून सोडवायचं तर तिची चूक फळ्यावर मांडायची, आणि चूक मांडली की तीच तिच्या गळ्याशी येणार. दुसरा मार्ग नव्हता. मी तिथल्या फळ्यावर दोन्ही नकाशे काढले आणि दाखवलं की चोरी असती तर काय दिसलं असतं. अध्यक्षांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे बाई चोर नाहीत, पण चुकीचं शिकवतात. मग ठेवायचं कशाला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच उठली. डस्टर घेतलं, मॉसपासूनचा बाण पुसला, नेच्यांपासूनचा पुसला, शिडी पार मोडली. मग चौकटी फांद्यांवर मांडल्या आणि फाट्याफाट्यावर रिकामी चौकट काढली. म्हणाली, "त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला सोमवारपासून सापडत नव्हतं. ते आत्ता बाईंच्या नकाशात दिसलं. उद्या वर्गात आधी माझी चूक सांगेन, मग हा काढेन." एवढंच बोलली, आणि या वेळी खाली बघितलं नाही.

मी म्हटलं, हिला मी शिकवते, पुढचं वर्ष माझ्या हाताखाली ठेवा. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "लेखी द्या. तुमचं आधीचं लेखी फाडायला बरं पडेल." वर्षभरासाठी ठेवलंय. कायम नाही, पण ठेवलंय. दोरा शिपाई मावशींनीच तोडला होता, फडक्यासाठी. तुझं हेही खरं निघालं, त्याचा फार गवगवा करू नकोस.

खाली उतरताना तिने विचारलं, "बाई, त्या पहिल्या रिकाम्या चौकटीत मुलांनी काही लिहायचं का?" मी म्हटलं, रिकामीच ठेव. हो, आता मी तिला अगं म्हणते. खरं सांगू? तिथे तुझं नाव लिहायचा मोह झाला होता. तिचा नकाशा तुझ्याकडून आला, आणि माझाही थोडाफार तिथूनच आला असेल, त्या दारामागून. पण त्या चौकटीतलं कोणी आता उरलेलं नसतं, आणि तू आहेस. दिवाणखान्यातला पलंग मी खिडकीशी सरकवून घेतलाय. बॅग भर आणि ये. माहेरचा बाण कोणाचा ते समोरासमोर बसून ठरवू.

तुझी
ताई

ता. क. गुडघा बरा आहे. तुला आधीच कळलं असेल.